कुट्टी-काळूच्या फोटोची खरी हकिगत

तीर्थस्वरूप संकप्पमामांस, यतीशचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? म्हैसूरच्या इस्पितळातली भाताची गंजी घशाखाली उतरते का, हे आईने आवर्जून विचारायला सांगितलंय. इकडे सगळे खुशाल. आपले रेडे, कुट्टी आणि काळू, दोघेही पोटभर खातात आणि हरल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर अजिबात दिसत नाही. पत्र लिहायचं कारण, फोनवर तुम्ही माझं 'हॅलो'सुद्धा पुरतं होऊ देत नाही, आणि तुम्ही निकालाविरुद्ध शर्यतीच्या समितीकडे तक्रार करणार असं आई म्हणते. (माझं तापट डोकं कुणावर गेलंय, याबद्दल तिचं मत तुम्हाला ठाऊक आहे.)

तर कंबळ्याची, म्हणजे चिखलपाण्यातल्या त्या रेड्यांच्या शर्यतीची हकिगत. माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवताना तुम्ही एकच सांगितलं होतंत, आपले रेडे शेवटच्या रेषेवर आले की बटण दाबायचं. मी सकाळपासून रेषेपाशीच चिखल अंगावर घेत उभा होतो. पण या डिजिटल कॅमेऱ्याला एक वाईट खोड आहे, काढलेला फोटो तो लगेच पाठीवरच्या पडद्यावर दाखवतो. दाखवला की बघावासा वाटतो, बघितला की मोठा करावासा वाटतो. आणि आता लपवण्यात अर्थ नाही, कारण अख्ख्या गावाने पाहिलंय, रेषेपलीकडच्या बांधावर मोनप्प हेग्ड्यांची विनया उभी होती, पिवळ्या चुडीदारात. मी फोटो काढायचो, मान खाली घालून तिचा चेहरा मोठा करायचो, डोळे मिटलेले निघाले की पुन्हा काढायचो. शेजारचा ढोलवाला म्हणाला, बाबा रे, रेडे या बाजूने येतात. त्याला मी काय बोललो ते थोरांना लिहिण्यासारखं नाही.

शेवटची फेरी आपली आणि मोनप्पांची. रेडे सुटले तेव्हाही माझी मान खालीच. एकदम आरडाओरडा झाला म्हणून वर बघितलं आणि बटण दाबलं. पाणी असं उसळलं होतं की पंच कांतप्पण्णांचा चष्मा चिखलाने लिंपला. आपली माणसं म्हणाली आम्ही जिंकलो, त्यांची म्हणाली आम्ही. तेवढ्यात विनयाचा भाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, त्या कॉलेज सोडलेल्याला विचारा, दिवसभर नेम धरून उभा आहे. (मी कॉलेज सोडलं नाही मामा, लॅबच्या सरांनी आणि मी एकमेकांना सोडलं.) मी बाह्या सरसावल्याच होत्या, पण कांतप्पण्णांनी कॅमेरा मागितला.

न्याय करायचा तर पहिल्यापासून बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर निम्मं गाव वाकलं. विनया. विनया. विनया डोळे मिटलेली. विनया हसताना. कोपऱ्यात रेड्याचं शेपूट आणि विनया. मोनप्पांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. शेवटी तो फोटो आला. कडेला चिखलाचे फवारे, त्यात रेडे की ढग ते कळेना, आणि मधोमध, भिंतीवर लावावी इतकी स्वच्छ विनया, दोन्ही हात वर करून आनंदाने उडी मारलेली.

कांतप्पण्णांनी चष्मा पुसला, तिचा चेहरा मोठा करून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "मोनप्प, पोरीच्या तोंडावरच लिहिलंय की. बापाचे रेडे हरल्यावर कुठली लेक अशी उडी मारील? पदक तुझं."

मोनप्पांचा हात माझ्या थोबाडासाठी उचललेलाच होता मामा, शपथ. तोच हात खाली येऊन पाठीवर थोपटता झाला. "चांगला काढतोस रे फोटो. याची एक मोठी प्रत दे," म्हणाले.

तेव्हा निकाल पुराव्यावर झाला आहे. तक्रार कृपया करू नये.

आपला आज्ञाधारक भाचा,
यतीश

ता. क. पत्र फाडू नका. विनया दुसऱ्या दिवशी देवळामागे भेटली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आपली जोडी मानभर पुढे होती, आणि ती उडी आपल्यासाठीच होती. समितीने विचारलं तर ती खरं सांगेल, मग मोनप्प तिला बांधावर काय, अंगणातही उभं राहू देणार नाहीत. म्हणून पदकाचं विसरा. आपल्याकडे मागणी मामानेच घालायची असते. काठी टेकत का होईना, पण लवकर या. आत्ता मोनप्प खुशीत आहेत. (कुळी वेगळी आहे, लग्नाला आडकाठी नाही, मी चौकशी केली.)

पुन्हा ता. क. हे पत्र विनयाला वाचून दाखवलं. म्हणाली, "आपल्यासाठी म्हणजे? तू मध्ये कुठे आलास? मी काळूसाठी ओरडत होते." पण नाही म्हणाली नाही मामा, हे नीट लक्षात घ्या. उलट काळूला आंघोळ कोण घालतं, असं विचारलं. मी म्हटलं, मीच, रोज. रविवारी ती बघायला येणार आहे. तेव्हा मागणीचं मागाहून बघू, आधी रेडे सांभाळणाऱ्या तुमच्या चनियप्पाला कळवा की मला गोठ्यात शिरू दे, आणि रेडा कुठल्या बाजूने लाथ मारतो तेही सांग.