खडवलीची पहिली ओळ

दिनांक १२ जानेवारी २०२५, डोंबिवली पूर्व

या वहीत चौदा महिने काही लिहिले नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. लिहायला बसलो की एकाच गोष्टीशी येऊन अडत असे, म्हणून बसणेच सोडले. आज बसणे भाग आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे.

मी, साकेत दिनकर वाघधरे, वय ४४, व्यवसाय सॉफ्टवेअर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दडपण आहे ते माझ्याच मनाचे. कायदा ते धरत नसावा.

१. राहती सदनिका आणि बँकेतील ठेवी पत्नी संचिता हिला. तिने कोणाला काही विचारायची गरज नाही.

२. लॅपटॉप आणि बॅकअपच्या दोन्ही डिस्क मुलगी रुचिता हिला. एक कपाटात आहे, दुसरी कल्याणला माझ्या बहिणीकडे, भावनाकडे. रुचिता, बॅकअप आहे एवढ्यावर विसंबू नकोस, उघडून बघ. कल्याणची डिस्क मी स्वतः तीन वर्षांत उघडलेली नाही.

३. गॅलरीतली शिडी शेजारी काळुराम भोईर यांची आहे. गणपतीआधी आणली होती. परत करावी.

४. घोडबंदर रोडच्या ऑफिसातले माझे तेव्हाचे साहेब विनीत यांना काही नाही. पुढच्या कलमातल्या प्रोग्रामबद्दल ते म्हणाले होते, "लिहिलं कोणी ते क्लायंटला काय करायचंय, डेमो साकेतच देईल." दहा वर्षे मी सगळा दोष त्यांच्यावर ढकलला. पण त्यांनी डेमो द्यायला सांगितले होते, नाव खोडायला नव्हे. तेव्हा हा रागही मागे घेतो.

५. 'खडवली' हा प्रोग्राम. जुन्या डेटाबेसमधली माहिती एकही नोंद न गमावता नव्यात नेतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. अट एकच: परवान्याच्या पहिल्या ओळीतले मूळ लेखकाचे नाव काढू नये.

ते नाव दर्शना पष्टे असे होते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी सहकारी. खडवलीला राहायची, म्हणून प्रोग्रामचे नाव खडवली. आईच्या आजारपणात तिने नोकरी सोडली. ४ मे २०१५ रोजी मी पहिल्या ओळीतले तिचे नाव काढून माझे घातले. प्रत्येक बदलासोबत त्याचे कारण लिहावे लागते. मी लिहिले, 'किरकोळ दुरुस्ती'. ती नोंद आजही कोणालाही दिसेल अशी तिथे आहे. निम्मा कोड मी नव्याने लिहिला, असे स्वतःला सांगत आलो. काल मोजले. अकरा फाइलींपैकी दोन माझ्या.

लोक विचारायचे, खडवली हे नाव कसे? मी सांगायचो, लहानपणी तिथल्या नदीवर सहलीला जायचो. मी कधीच गेलेलो नाही.

२०१८ मध्ये तिचा मेल आला. "साकेत, खडवली छान सांभाळलीस. एक किरकोळ दुरुस्ती राहिली आहे, पहिली ओळ बघशील का?" तिने ती नोंद पाहिली होती. मी उत्तर दिले नाही.

तरी माझ्या पश्चात खडवलीचे सर्व हक्क आणि पहिली ओळ मी दर्शना पष्टे हिला देतो. 'देतो' लिहिताना लाज वाटली. 'परत करतो' असे वाचावे.

इथवर लिहून साक्षीदारांना बोलावले. समोरच्या घरातल्या मंदाकिनीताईंनी चष्मा लावून वाचले आणि सही केली. काळुराम तिसऱ्या कलमावर थांबले.

"शिडी पण मेल्यावरच देणार काय रे?"

"तसं नाही हो, राहून गेलं."

पाचवे कलम त्यांनी दोनदा वाचले. "ही बाई तुझ्याहून मोठी ना?"

"हो."

"आणि तू झडप बदलून ऐंशीपर्यंत जगलास, तर तिने काय करायचं? तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं?"

त्यांनी सही केली, शिडी खांद्यावर टाकली आणि गेले.

कलम ५ मी खोडले आहे. खोडल्याच्या जागी माझी सही आहे. पहिल्या ओळीत दर्शनाचे नाव लगेच घातले. कारणाच्या रकान्यात लिहिले, 'मी चोरलेले नाव परत'. बाकीची कलमे कायम.

साक्षीदार: मंदाकिनी लेले (सही), काळुराम भोईर (सही)
लिहिणार: साकेत दिनकर वाघधरे (सही)

उद्या: दर्शनाच्या मेलला उत्तर देणे.