ओला फळा

मंगळवार, १८ जून १९९६
सांगली, मावशीकडे

नोकरी मिळाली. मग आनंद का होत नाहीये?

स्कॉलरशिपच्या क्लासची मुलाखत म्हणजे वर्गातल्या पोरांना एक गणित शिकवून दाखवायचं. मी सवयीने आधी ओल्या फडक्याने फळा पुसला, गणित तोंडी सांगितलं आणि गप्प उभी राहिले. कोरेगावच्या शाळेत आमचे जाधव सर असंच करायचे. "फळा वाळायच्या आत उत्तर तोंडात पायजे, काय?" मग अख्खा वर्ग ओल्या फळ्याकडे बघत मनातल्या मनात गणित सोडवायचा. तो ओल्या खडूचा वास!

आजही फळा अर्धा वाळला होता, तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, "बाई, आलं!" उत्तर बरोबर होतं. क्लासचे मालक मात्र घड्याळ बघत होते.

"मॅडम, शिकवता छान. उद्यापासून या. पण फळा डस्टरनं पुसायचा. एवढी वाट बघायला वेळ न्हाई आपल्याकडं."

मी हो म्हटलं. किती लगेच म्हटलं!

रविवारी सरांना पेढे द्यायला कोरेगावला जायचंय. पगाराचं ते विचारायचे नाहीत. विचारतील ते एकच, "तिथला फळा वाळाय किती येळ लागतो गं?"