अठ्ठावन्नाव्या मिनिटापर्यंत

रविवार, ५ ऑक्टोबर

आधी एक दुरुस्ती. १४ सप्टेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे की ‘तो’ सिनेमा मी अकरा वेळा पाहिला. हे बरोबर नाही. अकरा वेळा पाहिला, पण अठ्ठावन्नाव्या मिनिटापर्यंत. सिनेमा चौऱ्याऐंशी मिनिटांचा आहे.

जुनी नोंद खोडत नाही. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, आईनेच घरी शिकवलं, आणि आई छापखान्यात प्रूफरीडर होती. तिच्या शाळेत खोडरबर नव्हतं. चूक जिथे आहे तिथे राहू द्यायची आणि खाली शुद्धिपत्र द्यायचं.

तर अठ्ठावन्नावं मिनिट. वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना शिंप्याने एकेक करून कात्रीने संपवलेलं असतं. एकच उरलेली असते. ती कपाटाच्या दाराला हात लावते. संगीत थांबतं. मीही थांबते.

भीतीमुळे नव्हे. पहिल्या वेळी दूध उतू गेलं. दुसऱ्या वेळी दार वाजलं. चौथ्या वेळी डोळे चुरचुरले. सातव्या वेळेपासून मी मुद्दाम थांबते, अभ्यास म्हणून.

अडचण एवढीच की शिंपीभक्त मंडळाच्या संमेलनात यंदा माझी फिल्म आहे. २ नोव्हेंबर, सकाळी दहा. मंडळाचा नियम चार: मानवंदना म्हणून केलेल्या प्रत्येक फिल्ममध्ये मूळ सिनेमाचा शेवट जसाच्या तसा हवा. आणि फॉर्मवर एक वाक्य आहे, ‘मी मूळ सिनेमा पूर्ण पाहिला आहे’. त्याखाली मी सही केली. औषधाच्या कारखान्यात लेबलं तपासताना एक बाटली जरी तिरकी दिसली तरी मी खोक्यावर सही करत नाही. इथे मात्र केली. अध्यक्षांनी गेल्या वर्षी एकाला मंडळातून काढलं, कारण त्याने फक्त ट्रेलर पाहिला होता. मला दुसरं मंडळ नाही.

उपाय सोपा. उद्या संध्याकाळी साडेसहा, उरलेली सव्वीस मिनिटं. विषय संपला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

पाहिली नाहीत. ओव्हरटाइम आला.

शुद्धिपत्र: ओव्हरटाइम मी मागून घेतला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पात्रं ठरली. शेवटची मुलगी म्हणजे मामेबहीण. ती पार्लरमध्ये काम करते, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी मोकळी. तिने मूळ सिनेमा पाहिलेला नाही. म्हणाली, ताई, जुन्या सिनेमात लोक मरायलासुद्धा फार वेळ लावतात गं.

शिंपी म्हणजे आत्या. वय एकाहत्तर. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. तास तास न हलता उभी राहू शकते, आणि कात्री धरण्याची तिची पद्धत पाहून मामेबहीण आपोआप दोन पावलं मागे सरकली. एवढा अस्सल अभिनय मला शिकवावा लागला नाही. आत्या म्हणाली की तो अभिनय नव्हता.

मुखवटा मी कोटाच्या अस्तराचा शिवला. मोठे टाके, लाल दोरा. मूळ मुखवट्याशी टाके मोजून जुळवले. पूर्वार्धातले सगळे टाके मला पाठ आहेत.

रविवार, १२ ऑक्टोबर

शूटिंगचा पहिला दिवस. प्रसंग रात्रीचा, वेळ दुपारी चारची. खिडक्यांना ब्लँकेटं लावली. आई अंधारात भिंत चाचपडत स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली की या घरात दिवसाढवळ्या ठेच लागायची वेळ आली.

रक्त: बीट, मध, थोडी कॉफी. प्रमाण मी वहीत लिहून ठेवलं होतं. आत्याने बोटावर घेतलं, उजेडात धरलं. म्हणाली, हे कुठलं रक्त? धमनीचं असेल तर फारच मळकट आहे, शिरेचं असेल तर एवढं उडणार नाही. मी म्हटलं, सिनेमाचं आहे. ती म्हणाली, मग पेशंट मधुमेही दिसतोय.

मधामुळे मुखवट्यात मुंग्या शिरल्या. न हलता तास तास उभी राहणारी आत्या तिसऱ्या टेकला नाचली. तो टेक ठेवणार नाही.

मामेबहिणीने विचारलं की ताई, शेवटी मी कपाट उघडते तेव्हा आत काय असतं? मी सांगितलं की मोठे दिग्दर्शक नटांना शेवट आधी सांगत नाहीत, नाहीतर चेहऱ्यावरचं आश्चर्य खोटं येतं. ती खूश झाली. हे तंत्र मला आयत्या वेळी सुचलं, पण सुचलं म्हणजे तंत्र होतंच.

आज सिनेमा पाहणार होते. दिग्दर्शकाने शूटिंगच्या दिवशी दुसऱ्याचं काम पाहू नये.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कामावरून आले तर आत्या मोजे विणत बसली होती. म्हणाली, तुझा तो शिंपी पाहिला दुपारी, पूर्ण. शिवण चांगली आहे मेल्याची. शेवट सांगू?

मी कानांवर हात ठेवले. फॉर्मवर ‘पाहिला आहे’ असं लिहिलंय, ‘ऐकला आहे’ असं नाही. एक खोटी सही झाली म्हणून दुसरी लबाडी करायची नाही.

आत्या ओठांची हालचाल करून सांगायला लागली. मी डोळेही मिटले.

रविवार, १९ ऑक्टोबर. सकाळी ११.४०

आज पाहायला बसले. पडदे उघडे. आई स्वयंपाकघरात. आवाज बंद. रिमोट उजव्या हातात.

११.५२. सत्तावन्न मिनिटं वीस सेकंदांवरून सुरू केला. अठ्ठावन्न मिनिटं चार सेकंद. हा माझा विक्रम आहे. प्रगती चार सेकंदांची.

दुपारी. वेगळा विचार. शेवट पाहायची गरजच काय? पूर्वार्ध मला एवढा पाठ आहे की शेवट तर्काने काढता येईल. बाईंडरने पहिली पानं दिली की आई सांगायची, शेवटचं प्रकरण कसं असणार. तर्क असा: शिंप्याचा डावा हात सिनेमाभर खिशात आहे. म्हणजे हाताचं काहीतरी आहे. कपाट म्हटलं की आतून काहीतरी बाहेर येणार. ‘हात’ आणि ‘बाहेर’. कपाटातून हात बाहेर येतो! दुसरं काही असूच शकत नाही.

खूप हलकं वाटलं. सिनेमा मी आता जवळजवळ पाहिल्यासारखाच आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

येत्या शनिवारी किंकाळ्या. इमारतीतल्या लोकांना त्रास नको म्हणून जिन्यात लावायला नोटीस लिहिली. ‘शनिवार, २५ ऑक्टोबर, दुपारी ४ ते ६. तिसऱ्या मजल्यावरून किंकाळ्या ऐकू येतील. कृपया दुर्लक्ष करावे.’

आईने तपासली. म्हणाली, ‘दुर्लक्ष करावे’ मोघम आहे. कोणी एक जण तरी धावत येईल आणि तुझं शूटिंग बिघडेल. स्पष्ट लिही. तिने खाली एक ओळ घातली: ‘कोणत्याही कारणाने कोणीही मदतीस येऊ नये.’ आणि ‘वाचवा’, ‘मेले’ अशी हाक आली तरी, हेही कंसात टाकू का, असं तिने विचारलं. तेवढं नको म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी (गणित, आता निवृत्त) जिन्यातच चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली. म्हणाले, शिस्त म्हणतात ती ही. सहा म्हणजे सहा ना? मी म्हटलं, सहा म्हणजे सहा.

शनिवार, २५ ऑक्टोबर. रात्री नाही, साडेसातलाच लिहिते आहे, कारण झोपायचं आहे

जे झालं ते क्रमाने.

शेवटचा प्रसंग. आमचं कपड्यांचं लाकडी कपाट. हात माझा, म्हणून मी आत. बाहेर कॅमेरा स्टँडवर, चालू. मामेबहीण दार उघडणार, मी हात बाहेर काढणार, ती ओरडणार, मागून आत्या येणार. ४ ते ५.४५ नऊ टेक झाले. प्रत्येक वेळी मामेबहिणीला हसू आलं, कारण माझ्या हातात घड्याळ होतं. नवव्या टेकनंतर मला कोणीतरी सांगितलं.

पाच पन्नासला मी म्हटलं, एकच शेवटचा. आत शिरले. आत्याने बाहेरून दार लोटलं. कपाटाला बाहेरून कडी आहे. ती आपोआप पडते. हे आम्हाला पंधरा वर्षांपासून माहीत आहे, म्हणून आम्ही कपाटात कधी शिरत नाही.

तेवढ्यात मामेबहिणीला पार्लरमधून फोन आला, ती रेंजसाठी गच्चीवर गेली. आत्या मुखवटा काढून हातपाय धुवायला गेली, मुंग्या अजून होत्या. आई वाचनालयात.

मी आधी हळू हाक मारली. मग मोठ्याने. मग जे बाहेर आलं ते माझं आहे हे मला ठाऊक नव्हतं. वाचवा, उघडा, मेले, सगळं. जिन्यात पावलं ऐकू आली. थांबली. खाली कोणीतरी कोणाला म्हणालं, छान करतात हो, अगदी खरं वाटतं.

मग घराचं दार वाजलं. ते उघडंच होतं. मास्तर आत आले, कपाटापर्यंत आले. देवासारखे आले असं वाटलं. कपाटाच्या दारावर टकटक करून म्हणाले की बाई, सहा वाजून दहा मिनिटं झाली. शब्द म्हणजे शब्द.

मी म्हटलं, सॉरी सर.

ते म्हणाले, उरलेलं उद्या करा, आणि उद्याची वेगळी नोटीस लावा. आणि गेले.

मी त्यानंतर कुजबुजत ओरडले. सहा वाजून गेल्यावर मोठ्याने ओरडणं बरोबर नव्हतं.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी आत्याला तिचा टॉवेल हवा होता. टॉवेल कपाटात असतात.

शुद्धिपत्र: मी घाबरले होते. फक्त आजपुरतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

मामेबहिणीने फिल्म जोडून आणली. शेवट म्हणून तिने कपाटाचा बंद दरवाजा ठेवला आहे, सलग चार मिनिटं, आतून माझा आवाज, मग मास्तर, मग ‘सॉरी सर’, मग कुजबूज. मी म्हटलं, हे काढ, हा शेवट नाही. ती म्हणाली, ताई, खरा शेवट तू सांग, मी तसा करते. तू पाहिलायस ना?

मी म्हटलं, राहू दे हाच. दिग्दर्शकाने कधीकधी नटांचं ऐकावं.

रविवार, २ नोव्हेंबर

संमेलन झालं. बत्तीस माणसं, एका हॉलमध्ये, सगळ्यांच्या गळ्यात शिंप्याच्या टेपा. अध्यक्ष एरवी फ्रिज दुरुस्त करतात, पण संमेलनात त्यांच्यापुढे कोणी हसत नाही.

माझ्या फिल्मला हसले. ‘सॉरी सर’ला एक जण खुर्चीवरून घसरला. मी मान खाली घालून बसले होते. आत्या शेजारी बसून मोजा विणत होती आणि प्रत्येक हशाला कोपराने ढोसत होती.

मग अध्यक्ष माइकवर आले. म्हणाले, आपल्या सिनेमातलं कपाट रिकामं असतं हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चाळीस वर्षं आपण त्या रिकाम्या कपाटासमोर उभे आहोत. या मुलीने स्वतःलाच त्यात बसवलं. शेवट बदलला, पण समजून बदलला. नियम चारला यंदा सूट.

टाळ्या. प्रमाणपत्र. अध्यक्षांनी विचारलं, हे सगळं विचारपूर्वक ना?

मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

शुद्धिपत्र: आहे.

कपाट रिकामं असतं. अकरा वेळा मी एका रिकाम्या कपाटाला घाबरून उठले. घरी येताना आत्याला म्हटलं, म्हणजे भिण्यासारखं पुढे काहीच नाही तर. आत्या म्हणाली, अगं, कपाट काहीच नाही. पुढे सव्वीस मिनिटं आहेत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रमाणपत्र टेबलावर उलटं ठेवलं आहे. कामावर आज एकाही खोक्यावर सही करताना हात चालेना. सुपरवायझरने विचारलं, बाटल्यांत काही दोष आहे का. म्हटलं, बाटल्यांत नाही.

संध्याकाळी अध्यक्षांना फोन केला. सगळं सांगितलं. अठ्ठावन्न मिनिटं चार सेकंद, तर्क, हात, सही. मागे कुठल्यातरी फ्रिजची घरघर चालू होती. मग ते म्हणाले की प्रमाणपत्र आवाजासाठी होतं, आवाज खरा होता, ते राहू दे. पण सही खोटी आहे, त्या सहीवर मंडळात ठेवता येणार नाही. पाहा, आणि नवा फॉर्म भर. कोणती तारीख लिहू?

मी म्हटलं, उद्या. ते म्हणाले, उद्या नको, खरी तारीख सांग.

कॅलेंडर काढलं. येत्या रविवारी आत्या मैत्रिणीकडे. एकटीने होणार नाही, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्या घरात आहेत. आत्या डावीकडे बसेल, मामेबहीण उजवीकडे, रिमोट आईकडे. कपाटाची कडी काढून ठेवली.

मास्तरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, वेळ लेखी द्या. नोटीस लिहिली, आईने तपासली, एकही दुरुस्ती केली नाही. जिन्यात लावून आले:

‘तिसऱ्या मजल्यावरून येणाऱ्या किंकाळ्या या वेळी खऱ्या असतील. कृपया मदतीस यावे. रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ११ ते ११.२६.’