बागेतला जाळ

गंगाधरसाहेबांस, लांबूनच रामराम.

व्हय, जाळ आमीच केला. तुमच्या वॉचमननं काळा डाग बघून इचारलं, तवा मीच म्हनलं, "हुरडा भाजला रं बाबा. बोलावलं न्हाय म्हनून साहेबांना रुसू नका म्हनावं." त्यो हसला. तुमी मातर माझ्या दाराला नोटीस लावली की! बागेच्या जागेत घान केली म्हनं.

कुटली बाग वो? तीन वर्सं झाली, नुसता बोर्ड हाय, 'नियोजित उद्यान'. त्याच्या सावलीला माझी शेळी बसती, तेवढंच तुमचं उद्यान.

कंपनीसाटी आमच्या जमिनी घेतल्या तवा तुमीच देवळाम्होरं उबं राहून सांगितलं व्हतं, नळ देतो, गटार देतो, नवा मसनवटा बांधून देतो. वड्याकाठचा आमचा मसनवटा कंपनीच्या भिंतीआत गेला. ज्या जागी माझ्या मालकांना अग्नी दिला, तितं आता ट्रक उबे ऱ्हातात. इचारायला ऑफिसात आले, तर दर बारीला तुमी जेवायला गेलेले. पोट हाय का कनगी? फोन केला तर म्हनता, प्रेत सोलापूरला न्या. जित्तेपनी रान घेतलं, मेल्यावर गाव बी सोडायचं व्हय?

हे पत्र काय मी धाडनार न्हाय. धाडलं तर तुमी पोलीस आनाल, म्हनून सगळं गाव गप हाय. पर माझ्या पोटात ऱ्हात न्हाय.

हुरडा न्हवता, साहेब. माझी सासू व्हती.

गोजरबाई