कुलूप मी तोडलं नाही

प्रिय खारूताई,

फोन सोडून आई पत्र का लिहीत बसली, असं म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून. घरी सगळं ठीक आहे. कोरफड नुसती माजली आहे. वरच्या काकूंनी शिवणयंत्र नेमकं आपल्या डोक्यावर आणून ठेवलंय, त्यामुळे दुपारी कपबशासुद्धा थरथरतात.

आता ऑफिसची हकिकत. आमचं निवृत्तिवेतनाचं सॉफ्टवेअर तुला माहीत आहेच. सगळे आपापल्या टेबलावर काम करतात, पण मूळ प्रत एकच, मधल्या सर्व्हरवर. तिथून फाइल उतरवायची, बदल करून परत चढवायची आणि का बदलली ते लिहायचं. कुणी फाइलला कुलूप घातलं, तर दुसऱ्याला ती बदलता येत नाही. ते तोडायचा अधिकार फक्त मला. आमच्याकडे एक गृहस्थ ऊठसूट कुलूप घालतात, म्हणून त्यांचं नावच कुलूपराव पडलंय. आठवतात का? मागे तुझ्या सायकलची साखळी बसवून, चहासुद्धा न घेता गेलेले, ते उंच काका.

गेल्या महिन्यात नवे नियम आले. आम्ही प्रतीच्या दोन शाखा, म्हणजे दोन समांतर नकला, केल्या होत्या: एक चालू, सगळी कार्यालयं रोज वापरतात ती, दुसरी नव्या नियमांची. नवी शाखा कार्यालयांना पाठवायच्या दिवशी पाहते तर काय, आवृत्तीचा क्रमांक असलेल्या फाइललाच कुलूप! ती उघडल्याशिवाय काही पाठवता येत नाही. कुलूपराव जागेवर नाहीत, फोन बंद. संचालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. त्यांनी वर शब्द देऊन ठेवलेला. म्हणाले, "अधिकार आहे ना तुम्हाला? मग तोडा."

कुलपाशेजारी एवढंच लिहिलं होतं: 'चालू शाखेतली एक दुरुस्ती इकडे आलेली नाही. मी येईपर्यंत पाठवू नका.' कुठली दुरुस्ती, ते नाही. पण हा माणूस उगाच काही लिहीत नाही. मी म्हटलं, "साहेब, कारण खोटं आहे असं कुणी दाखवून द्या, लगेच तोडते." साहेब म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत. नाहीतर खुलासा तुम्ही द्यायचा." आणि तरातरा निघून गेले.

थोड्या वेळाने कुलूपराव आले, ते गाल धरून! दाढ काढायला गेले होते. तोंडात कापसाचा बोळा, बोलायला गेले की नुसतं "हू हू". सगळे हसून बेजार. त्यांनी मात्र शांतपणे स्क्रीनवर बोट ठेवलं. आईवडील गेल्यावर अपंग मुलांना जे निवृत्तिवेतन मिळतं, ते वयाच्या अटीपायी बंद पडत होतं. ते आम्ही चालू शाखेत सुधारलं होतं, नव्या शाखेत आणायचं राहून गेलं होतं. तशीच पाठवली असती, तर पहिल्या तारखेला कितीतरी घरांत हाहाकार उडाला असता गं.

मग आम्ही दोघं बसलो. एकेक दुरुस्ती इकडे आणायची, दोन्हीकडचे बदल एकमेकांना भिडले की कुठला ठेवायचा ते ठरवायचं. मी विचारायचं, त्यांनी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आवृत्ती गेली. साहेब लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, माझं ऐकलं नाहीत ते बरं केलंत." मी नुसती फुगले!

पुढे दाढ बरी झाली आणि कळलं की हा माणूस बोलतो! हल्ली ऑफिस सुटल्यावर आम्ही बागेत फिरतो; चालता चालता तळ्यातल्या बदकांवर तासभर बोलतो. आणि मी ऐकते. हसते. तुझे बाबा गेल्यानंतर मी मोठ्यांदा हसत नव्हते, हे तूच एकदा म्हणाली होतीस. परवा बाकावर बसलो असता ते बदकं सोडून एकदम म्हणाले, "पुढचं आयुष्य एकत्र काढूया का?" मी म्हटलं, "मला आवडेल. पण आधी लेकीशी बोलू द्या." बाबांची जागा बाबांचीच राहणार, हे त्यांनीच मला सांगितलं. लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटतोय तो आनंदच, आणि तुझ्यापासून लपवून तो पचेना. रागावलीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. फक्त मनात ठेवू नकोस, बाळा.

तुझीच,
या वयात लाजणारी
आई