गाळलेलं सतरावं प्रकरण

प्रिय सूनबाई,

तू लॅबमधून यायच्या आत हे पत्र संपवायचं ठरवून बसलोय. एका घरात राहून पत्र कसलं लिहिताय, असं म्हणशील. पण तोंडावर विषय काढला की तू चहा टाकायला उठतेस, म्हणून लिहितो. अक्षर तिरकं येतंय, तरी डावा डोळा बरं काम देतोय. डॉक्टरांनी वाचायची परवानगी देऊन तीन आठवडे झाले. तुला मात्र मी ‘अजून थांबायला सांगितलंय’ असं खोटंच सांगितलं. का, ते पुढे कळेल.

ऑपरेशननंतरचे चार महिने तू मला रोज संध्याकाळी कादंबऱ्या वाचून दाखवल्यास. ‘कशी वाटली, बाबा?’ असं दर वेळी विचारायचीस आणि मी हूं हूं करून वेळ मारून न्यायचो. आज सांगतो.

पहिली, त्या घड्याळजीची. सुरुवातीची शंभर पानं झकास, दुकानातल्या तेलाचा वास नाकाला येतो. पण लेखक आपल्याच उपमांवर भाळलेला. एका पानावर तीन, त्यातल्या दोन मी बेलाशक उडवल्या असत्या. घड्याळजी परगावी जातो, बायको वाट बघते. मग तू वाचलंस, ‘एक दिवस तो आला. तिला बरं वाटलं.’ तिथे माझे कान टवकारले. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. मजकुरात परकं वाक्य घुसलं की भातातल्या खड्यासारखं दाताखाली येतं. हा लेखक ‘तो आला’ एवढ्यावर थांबणारा नव्हे! मला वाटलं, दिवसभर काचपट्ट्या तपासून दमतेस, म्हणून उरकतेयस. थोडा रागही आला. माफ कर.

दुसरी, ती कोर्टातली. त्यात वकील, शिपाई, सहा वर्षांची मुलगी, सगळे एकाच आवाजात बोलतात. भांडण मात्र अगदी खरं उतरलंय. दोनशे पानं एकमेकांचं तोंड न बघणारे नवराबायको शेवटी अर्ज मागे घेऊन एकत्र जिना उतरतात, असं तू वाचलंस आणि मध्येच पाणी प्यायला उठलीस. परत आलीस तेव्हा तुझा आवाज बसला होता.

तेव्हापासून मी तुझ्यावर पाळत ठेवली म्हण ना. नोकरीसाठी परगावी असलेल्या आमच्या चिरंजीवांचा फोन नेमका मी आंघोळीला गेलो की यायचा. ‘तुमची चौकशी केली. कामात आहे. लवकर येतो म्हणाला.’ निरोपातली वाक्यंही त्या घड्याळजीच्या वाक्यांसारखीच आखूड. आपणहून फोन करायचा नाही हा माझा जुना ताठा, म्हणून तुझं फावलं. मनात नाही नाही ते येऊ लागलं. डोळा कायमचा गेलाय आणि ही लपवतेय? की मला आणखी काही झालंय? मग एकदा वाटलं, तोच तर गेला नाही ना? त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठलो. तू विचारलंस तर भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो.

वाचायची परवानगी मिळाली ती तुझ्यापासून लपवली आणि तू कामावर असताना दोन्ही पुस्तकं पडताळून बघायला काढली. छापील पानांत घड्याळजी परत येतच नाही. कोर्टातल्या जोडप्याला घटस्फोट मिळतो आणि दोघं वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. मी तसाच उठलो आणि शेजारच्या शिंपीदादांच्या फोनवरून नंबर लावला.

‘हॅलो, कोण?’ तोच आवाज. शिंपीदादांनी स्टूल पुढे सरकवलं. जिवंत आहे, एवढंच त्या क्षणी पुरेसं होतं. मग विचारलं, कधी येतोस? ‘तिनं सांगितलं नाही तुम्हाला? मी नाही येणार, बाबा. आम्ही इथंच घर केलंय.’ ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. कधीपासून, तेवढं विचारलं. सात महिने, म्हणाला.

सात महिने! म्हणजे ऑपरेशनच्या आधीपासून. दवाखान्यातली नर्स मला म्हणाली होती, तुमच्या मुलीनं सह्या केल्यात. तिची चूक झाली असेल म्हणून मी हसलो होतो. त्या कागदावर तूच ‘मुलगी’ लिहिलं होतंस ना?

तिसरी, कालव्याच्या दारांवर पहारा देणाऱ्या घराण्याची. ‘सतरावं प्रकरण कंटाळवाणं आहे बाबा, पुढे जाऊ,’ म्हणालीस. काल ते वाचलं. सगळ्या पुस्तकात तेवढंच एक प्रकरण अस्सल आहे. नवरा निघून गेलेली सून म्हाताऱ्या सासऱ्याला झोपेत सोडून पहाटे चोरपावलांनी घर सोडते. लेखिकेनं तिला जाऊ दिलं हे मला पटलं. चोरासारखं जायला लावलं, ते नाही पटलं. म्हाताऱ्याला एकदा विचारून तरी बघायचं होतं.

त्याच प्रकरणात तुझा कागद घडी घालून ठेवलेला सापडला. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण वाचलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची लॅब, मुख्य तंत्रज्ञाची जागा, राहायला खोली, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा. खाली पेन्सिलीनं तू लिहिलंयस, ‘बाबांचं कोण करणार?’ त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र. बाबांचं बाबा करतील. वरणभात मला येतो, औषधांच्या वेळा पाठ आहेत, शिंपीदादा दिवसातून दोनदा डोकावतात. तू होकार कळव आणि दिवसाढवळ्या, नवी साडी नेसून जा. तुझी बॅग मी गाडीपर्यंत आणीन. आणि तिकडच्या कागदांवर वडिलांचं नाव विचारलं, तर तुझ्या वडिलांचंच लिही, पण अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्या रकान्यात माझं नाव घाल.

तुझाच,
बाबा