पंपाचे पाणी माझ्या अंगाला लावू नये

मी कुर्बानअली, बापाचे नाव खुदादाद, वय अंदाजे एकाहत्तर, धंदा भुयारी नहरी खोदणे, राहणार खैराबाद, यज्दजवळ. डोके ठिकाणावर आहे, गुडघे गेलेत. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, रागात मात्र जरूर, हे सांगतो. गावच्या मशिदीचे शेख अब्दुन्नबी लिहून घेत आहेत.

१. घर व डाळिंबाची बाग शरियतप्रमाणे मुलगा यदुल्ला आणि मुलगी तूबा यांना. मालमत्तेच्या ज्या एक तृतीयांशावर मृत्युपत्रात माझी मर्जी चालते, तो सगळा आटलेली नहर उपसायला. कारभार तूबाने पाहावा. ती कोणाला भीत नाही.

२. कुदळ, दिवा आणि दोर हैदरला. तीस वर्षे त्याने मला खाली सोडले आणि वर ओढले. बडबड्या आहे, पण हात कधी सुटला नाही.

३. जमीनदारावरचा राग कोणाला देत नाही, बरोबर नेतो. शहाच्या माणसांनी आम्हाला जमिनीचे कागद दिले, फोटो काढले; पाणी दिले नाही. त्याच वर्षी जमीनदाराने खोल विहिरीवर पंप बसवला आणि दोन उन्हाळ्यांत आमची नहर आटली. तक्रार केली तर इंजिनियर म्हणाला, देश पुढे चाललाय. आम्हीही चाललो, तेहरानच्या वीटभट्ट्यांवर. तिथे झोपड्यांवर बुलडोझर फिरला, तेव्हा दार उघडले ते एका मशिदीने. तिने शहाविरुद्धच्या मोर्चाला बोलावले, मी यदुल्लाला घेऊन गेलो. त्याची मला लाज नाही. उद्याही जाईन.

४. शहा गेला, जमीनदार पळाला, आम्ही गावी परतलो, पंप राहिला. आता तो क्रांतीनंतरच्या गावसमितीकडे आणि समितीत यदुल्ला. पंप बंद कर, नहर भरू दे, असे मी त्याला सांगितले.
"बाबा, पंप आता जनतेचा आहे."
"मग चावी तुझ्या खिशात कशी?"
तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

५. इथे शेखसाहेबांनी लेखणी थांबवली. मी म्हटले, लिहा. बळकावलेल्या पाण्याने मयताला घातलेली आंघोळ धर्मात बसत नाही, हे त्यांनीच मला शिकवले. पंपाचे पाणी गावाच्या नहरीतून ओढलेले आहे. सबब त्याचा थेंबही माझ्या अंगाला लावू नये. नहरीला पाणी आले असेल तर त्याने धुवावे. नसेल तर, पाणी नसताना करतात तसे, कोरड्या मातीने शुद्ध करून पुरावे. हे यदुल्लाने स्वतःच्या हातांनी करावे. पंप धडधडत असताना बापाला माती का लावली, असे दफनाला आलेल्या कोणी विचारलेच, तर उत्तरही त्यानेच द्यावे.

साक्षीदार: शेख अब्दुन्नबी (सही), हैदर (अंगठा).
यदुल्लाला वाचून दाखवले. त्याने सही केली नाही. त्याच्या सहीवाचून काही अडत नाही.

कुर्बानअली (अंगठा)
खैराबाद, ७ मेहर १३६०, शहा गेल्यानंतरचे तिसरे वर्ष